चार दारांची पिकअप आत्ता घ्यावी, की स्कॉर्पिओ-एनवाल्या पिकअपची वाट बघावी?

ठिबक_सोलापूर

नमस्कार मंडळी. ठिबक आणि पाणबुडी मोटारी बसवायचं काम आहे. फिरणं मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, महिन्याला अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. ड्रायव्हर धरून पाच माणसं. माल म्हणजे लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) बंडलं, पीव्हीसी पाइप, मोटार, केबल, फिल्टर. साधारण सहाशे किलो, सीझनला त्याहून जास्त.

यादीत बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा क्रू कॅब आणि इसुझू डी-मॅक्स एस-कॅब आहेत. घरचे म्हणतात थांब, महिंद्राची स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली पिकअप येतेय, रविवारी पंढरपूरला जायलाही बरी पडेल. थांबण्यात अर्थ आहे का? आणि फोर बाय फोर घ्यावी का? पावसाळ्यात काळ्या रानात जावं लागतं.

चेसिस_नंबर

आधी थांबायचं बघू. महिंद्राने ती पिकअप १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये 'ग्लोबल पिक अप' नावाने दाखवली, तीही कन्सेप्ट म्हणून. जागा केपटाऊन निवडली यातच बरंच आलं, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या पिकअपला चांगलं गिऱ्हाईक आहे. इकडे झाकलेल्या टेस्ट गाड्यांचे फोटो फिरतात, पण फोटोवर पासिंग लिहिलेलं नसतं.

समजा आली. स्कॉर्पिओ-एनचं डिझेल २१८४ सीसीचं, वरच्या ट्यूनमध्ये १७५ पीएस. असं इंजिन आणि तशी केबिन घेऊन येणारी गाडी कॅम्परच्या किमतीत कशी बसेल? तिची टक्कर इसुझू व्ही-क्रॉस (१८९८ सीसी, १६३ पीएस, ३६० एनएम टॉर्क) आणि टोयोटा हायलक्सशी (२.८ लिटर, २०४ पीएस). तुमच्या यादीतल्या तिन्ही गाड्या कामाच्या आहेत:

कॅम्पर: २५२३ सीसी, ७५ एचपी, २०० एनएम.
योद्धा: २.२ लिटर, १०० एचपी, २५० एनएम.
एस-कॅब: २४९९ सीसी, ७८ पीएस, १७६ एनएम.

म्हणजे तुम्ही ज्या गाडीसाठी थांबणार ती वेगळ्याच पंगतीतली. कामाच्या गाडीसाठी हा सीझन घालवू नका. घरच्यांसाठी पांढऱ्या पाटीची पिकअप हवी असेल तर खुशाल थांबा, पण तो वेगळा खर्च.

जाता जाता, कोणी फोर्डची मॅव्हरिक ही अमेरिकी पिकअप सुचवायच्या आत सांगतो. ती फक्त डाव्या स्टिअरिंगची बनते. युट्यूबवर तिच्या व्हिडिओखाली 'इंडिया लाँच कधी?' विचारणाऱ्यांत आपली सोलापूरची मंडळी कमी नाहीत.

वजनकाटा

एचपीच्या आधी वजनाची बेरीज करा मालक. चार दारांच्या गाडीत सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

आरसीवर दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन आणि जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींच्या फरकात माणसं, माल, हौद्यावरचा कॅरिअर, टूलबॉक्स, ताडपत्रीचा सांगाडा सगळं आलं. समजा जीव्हीडब्ल्यू २७५० आणि रिकामी १७५०. फरक हजार किलो. पाच माणसं ७० च्या हिशेबाने ३५०. कॅरिअर आणि टूलबॉक्स ६०. मालाला उरले ५९०. म्हणजे 'एक टनाची' म्हणून घेतलेली गाडी तुमच्या रोजच्या सहाशे किलोलाच काठावर आली, आणि सीझनचा माल अजून बाकीच आहे.

म्हणून शोरूममध्ये 'पेलोड किती' विचारू नका. ज्या व्हेरिअंटचं कोटेशन घेताय त्याचेच हे दोन आकडे लिहून मागा. एकाच नावाखाली चार व्हेरिअंट असतात, एसी आणि फोर बाय फोर वाढले की रिकामं वजन वाढतं आणि तेवढा माल कमी होतो.

ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० अशी तरतूद आहे. जास्तीचा माल तिथंच उतरवायला लावतात ते वेगळंच.

दुसरं, माल कुठं ठेवता. डबल केबिनमुळे हौदा मागं सरकतो, त्याचा बराच भाग मागच्या ॲक्सलच्याही मागं येतो. मोटार आणि फिल्टर फाळक्याजवळ ठेवले की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पुढची चाकं लवकर घसरतात. जड माल केबिनला टेकवून, बंडलं मागं. आणि निदान दोन ठिकाणी पट्टा. नुसती ताडपत्री म्हणजे बांधणं नव्हे.

हिशेबनीस

पाटी कोणती यावर सगळा खर्च फिरतो. यादीतल्या तिन्ही गाड्या मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर धरा. व्ही-क्रॉस आणि हायलक्स पांढऱ्या पाटीवर मिळतात.

पिवळ्या पाटीची जमेची बाजू: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मालवाहू गाडीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) धंद्याला मिळतं. माणसं नेणाऱ्या १३ सीटपर्यंतच्या गाडीचं जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली अडतं. डबल केबिन असल्यामुळे कोणी शंका काढू नये म्हणून आरसीवर वर्ग मालवाहूच आहे ना ते बघा आणि सीएला आधी विचारा. क्रेडिट घेतलं तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही, दोन्हीकडून खाता येणार नाही. महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाडीला एकरकमी कर किमतीच्या ७ टक्के. पांढऱ्या पाटीच्या डिझेल गाडीला १० ते २० लाखांत १४ टक्के, २० च्या वर १५, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २०.

आता खर्चाची बाजू. थर्ड पार्टी विमा: साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये, १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७. फिटनेस नवीन गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ८० चा स्पीड लिमिटर. टोलला फास्टॅगचा वार्षिक पास पिवळ्या पाटीला नाही, तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. पुण्याहून माल आणत असाल तर पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे चारही टोल हिशेबात धरा.

परमिटचं: जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ६६(३). योद्धाचे वरच्या पासिंगचे (जास्त मंजूर वजनाचे) व्हेरिअंट बघताना हा आकडा डोक्यात ठेवा. लायसन्सचं टेन्शन नको. साडेसात टनांपर्यंत साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं.

सगळ्यात महत्त्वाचं: आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं, आणि हौद्यात एकही नाही. केबिनमधल्या मजुरांसाठी वेगळं जादा कव्हर मागा आणि ते पॉलिसीच्या कागदावर छापून आलंय का ते वाचा. एजंटचं 'सगळं कव्हर आहे' कोर्टात चालत नाही.

ठिबक_सोलापूर

वा, हे कोणी शोरूममध्ये सांगितलंच नव्हतं. वजनकाटा अण्णा, मग मागे स्प्रिंगचा एकेक जादा पाटा टाकून घेतला तर? इथले बरेच जण टाकतात. आणि २० फुटी पीव्हीसी पाइप कॅरिअरवर बसतील ना? फोर बाय फोरचं पण राहिलं.

पाटा_आणि_पिन

पाटा टाकल्याने गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच. जीव्हीडब्ल्यू तेवढंच राहतं. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर कंपनीच्याच मापाचे.

आणि एक गोष्ट गॅरेजवाले सांगत नाहीत. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एलएसपीव्ही असतो. चेसिसवर व्हॉल्व्ह, त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त प्रेशर सोडतो. तुम्ही पाटा वाढवला की माल भरूनही चेसिस वरच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, थांबायला अंतर जास्त. पाटा टाकलाच असेल तर त्या दांडीचं सेटिंग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. नवीन गाडीला मात्र टाकूच नका, वॉरंटीत कुरबुर होते. जास्त माल न्यायचा तर जास्त पासिंगचा व्हेरिअंट घ्या, म्हणजे योद्धाकडे बघा.

टायर बदलताना लोड इंडेक्स बघा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००. दिसायला रुंद म्हणून एसयूव्हीचा कमी इंडेक्सचा टायर बसवला तर मे महिन्यात ४३ डिग्रीला, भरल्या गाडीत, साइडवॉल फुटायला वेळ लागत नाही. हवा रिकामीची वेगळी, भरलेलीची वेगळी. दोन्ही आकडे दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतात. सकाळी थंड टायरला मोजा, दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका.

फोर बाय फोरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काळ्या रानात अडचण टायरची. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतो. हायवे टायरवर चारही चाकं फिरली तर चारही जागी रुततील. शिवाय साध्या डिफरेन्शिअलमध्ये (ॲक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) एक चाक रिकामं फिरलं की त्या ॲक्सलची ताकद तिकडेच जाते. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफ लॉक असेल तर गोष्ट वेगळी, हायलक्सला ते आहे, पण हायलक्सच्या हौद्यात तुम्ही चिखलाचे पाइप टाकणार आहात का? वर्षातून तीन महिने, तेही बांधापर्यंतच जायचं असेल तर फोर बाय टू (दोनच चाकांना ताकद), मागे ऑल टेरेन टायर, गाडीत फावडं, दोन जाड फळ्या आणि टो पट्टा. उरलेल्या पैशात मे महिन्यासाठी एसीचा व्हेरिअंट घ्या. ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून केबिन एसी सक्तीचा झाला, पण साडेतीन टनांच्या आतल्यांना नाही, म्हणून बिनएसीचे व्हेरिअंट अजून विकले जातात. पत्र्याच्या केबिनमध्ये पाच माणसं बसवून दुपारी दोनला मंगळवेढ्याला जाणार असाल तर एसीवर काटकसर नको.

फोर बाय फोर घेतलीच तर डांबरी रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकू नका. सेंटर डिफरेन्शिअल नसलेल्या गाडीत वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरतात, ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो आणि लिव्हर अडकून बसतो.

वजनकाटा

पाइपचं. २० फूट म्हणजे ६ मीटर. कॅम्परची पूर्ण लांबी ४.८६ मीटर. व्ही-क्रॉस ५.३० आणि हायलक्स ५.३३ मीटर, म्हणजे तीस लाखांच्या आसपासच्या गाडीतही पाइप बाहेरच. पुढं किंवा मागं बाहेर आलेल्या मालाला कलम १९४(१ए) मध्ये २०,००० रुपयांची तरतूद आहे. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो पाइप दिसतही नाही.

पाइप कापून तीन मीटरचे केले तर प्रत्येक सांध्याला कपलर आणि सोल्यूशन, आणि पुढे गळती त्याच सांध्यावर. त्यापेक्षा पीव्हीसी दुकानदाराच्या टेम्पोने थेट शेतावर उतरवून घ्या आणि तुमच्या गाडीत लॅटरल, फिटिंग, मोटार न्या. ६३ मिमीपर्यंत एचडीपीई (वाकणाऱ्या प्लॅस्टिकची) नळी गुंडाळीत मिळते, जिथं चालेल तिथं ती वापरा.

चेसिस_नंबर

बुकिंगच्या वेळी फॉर्मवर तीन गोष्टी लिहून घ्या: किंमत बुकिंगच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या, रद्द केल्यास किती परत आणि किती दिवसांत, आणि व्हेरिअंटचं पूर्ण नाव रंगासह. वर्षअखेरीला 'लगेच मिळेल' म्हणून देतात ती गाडी बहुतेक आवारात उभी असलेली असते. फॉर्म २१ वर (विक्री प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते पैसे भरण्याआधी बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका.

टेस्ट ड्राइव्हला पाच माणसं घेऊन जा. मागच्या सीटची पाठ या गाड्यांत बरीच सरळ असते आणि रिकाम्या हौद्याला पाटे कडक लागतात. सैफुल ते सात रस्ता एवढ्याने कळणार नाही, अक्कलकोट रोडवर तासभर न्या.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मानवत नाहीत. काजळी जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. तुमचं फिरणं लांबचं आहे, ते चांगलंच. पण डीपीएफचा दिवा लागला आणि मॅन्युअलमध्ये चालवत राहा असं सांगितलं असेल तर शेताच्या बांधावर गाडी बंद करून बसू नका, हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं स्थिर वेगात न्या. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच. साध्या डिझेल ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते, आणि काजळीसारखी ती जळून जात नाही.

पहिल्या सर्व्हिसला मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट टॉर्क रेंचने आवळून घ्या, स्वतः उभं राहून. नवे पाटे बसतात तसे ते ढिले पडतात. ढिलं राहिलं तर सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते.