सुपरहिरोले पगार पायजे का नाही? गावातल्या लोकांनी मत सांगा

पऱ्हाटीवाला (यवतमाळ):
माझं मत सरळ आहे, पायजे म्हणजे पायजेच. स्पायडरमॅनचंच घ्या न. 1962 मध्ये तो पहिल्यांदा कॉमिकमध्ये आला, तेव्हापासून त्याच्या खिशात पैसा नाही. भाडं थकलेलं, घरी म्हातारी काकू, अन् जो पेपरवाला त्याची बदनामी छापते त्यालेच हा आपले फोटो विकते. 1963 च्या पहिल्या अंकात तं त्याले स्पायडरमॅनच्या नावाचा चेक भेटते, अन् बँकवाला म्हणते ओळखपत्र दाखव. चेक हातात, पैसा नाही.

हे वाचलं का मले आमच्या गावचा सर्पमित्र आठवते. परवा रात्री दीड वाजता माह्या घरामागं मागच्या सालच्या पऱ्हाटीच्या ढिगात घोणस निघाली, कुकरच्या शिटीसारखी फुसफुसून रायली होती. फोन केला तं पोरगा पंधरा मिनिटात गाडीवर आला, पायात साधी चप्पल, हातात लोखंडी हुक, बॅटरी, अन् झाकणाले भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी. साप बरणीत गेला, झाकण फिरवलं, मंग कुठं माह्या जिवात जीव आला. बायकोनं चहा ठेवला तं थांबला नाही, म्हणे सकाळी सातले फवारणीले जायचं हाय, रोजी बुडते. पैशे घेईना, मी शंभराची नोट पेट्रोलसाठी जबरदस्तीनं खिशात कोंबली. घरच्या चार जणाचा जीव वाचवला त्यानं अन् आपण म्हणतो पुण्याचं काम करते बाप्पा. मले हे बरोबर वाटत नाही.

गुरुजी (वाशिम):
मला पटत नाही. स्पायडरमॅनची पहिली गोष्ट नीट आठवा. शक्ती आल्यावर तो आधी टीव्हीवर पैसे कमवायलाच गेला होता. तिथं चोर त्याच्यासमोरून पळाला, यानं अडवला नाही, म्हणाला हे माझं काम नाही. त्याच चोरानं पुढं त्याच्या काकाचा जीव घेतला. म्हणजे पैशाचा हिशोब डोक्यात शिरला की माणूस आधी बघतो हे माझ्या कामात बसतं का. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत गेले, त्यांनी कोणाकडं पगार मागितला होता?

काळी_माती:
गुरुजी, बाबांचं नाव घेतलं तं पुरं घ्या. स्वतःसाठी पैसा ठेवला नाही हे खरं, पण लोकांनी दिलेल्या पैशातूनच धर्मशाळा उभ्या झाल्या न. अन् गाव झाडल्यावर भाकर ते हक्कानं मागत होते. कष्टाच्या बदल्यात भाकर मागणं हे बाबांनीच शिकवलं.

पायपीट (गडचिरोली):
मी आशा, म्हणजे सरकारच्या आरोग्य योजनेत गावात घरोघरी जाऊन काम करणारी बाई आहे, म्हणून बोलते. 2005 पासून ही योजना आहे अन् कागदावर आम्ही अजून स्वयंसेविकाच, पगार नाही, मोबदला अन् मानधन. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला, त्या दिवशी मी नाल्याच्या पाण्यातून चप्पल हातात घेऊन घरी आली होती. कोरोनात आम्हाले देवी म्हटलं लोकांनी. देवी म्हटलं की पैशाचं बोलता येत नाही, देवीनं पैशे मागितले हे कोणालेच ऐकवत नाही. सुपरहिरोचं बी तेच करून ठेवलं आहे.

सरळ_बोलतो (चंद्रपूर):
ताई तुमचं दुखणं खरं आहे, पण दुसरी बाजू मी डोळ्यानं पाहिली. 1972 मध्ये ल्यूक केजचं कॉमिक आलं, तो पैसे घेऊनच कामाले जाणारा हिरो होता. वाचायले बरं वाटते. आमच्याकडं एका साप पकडणाऱ्यानं रेटच ठरवला, नाग पाचशे, घोणस हजार. शेजारची म्हातारी, पैशे नव्हते म्हणून तिनं फोनच केला नाही, काठी घेऊन स्वतः गेली अन् सापानं तिच्या पायाले चावा घेतला. लगेच दवाखान्यात नेलं, लस भेटली, म्हणून वाचली. तिचा सुजलेला काळानिळा पाय मी पाहिला हाय. दारात पैसा आला की गरीब आधी मरते, माझं एवढंच म्हणणं आहे.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ):
भाऊ, हे वाचून मी दिवसभर विचार करून रायलो. तुमचं खरं आहे, ज्याच्या घरात साप निघाला त्याच्याकडून घेणं चुकीचं. पण मंग गावानं द्या न. आग विझवणारा पगारावर असते, तो आग विझवायच्या आधी घरमालकाले पैशे मागते का? कॉमिकमधली सुपरहिरोंची टोळी अ‍ॅव्हेंजर्स, त्यायले बी टोनी स्टार्क म्हणजे आयर्नमॅनच्या आईच्या नावाच्या संस्थेतून मानधन भेटते, ज्याले वाचवलं त्याच्याकडून नाही. पोलीस पाटलाले मानधन आहे, मंग या पोराले काहून नाही?

गुरुजी (वाशिम):
आणि ते मानधन कोणाच्या सहीनं निघणार? सरपंचाच्या. मग विरोधातल्या वस्तीत रात्री साप निघाला तर तो पोरगा जाईल की आधी सरपंचाचं तोंड बघेल? जो पगार देतो तो मालक होतो हो. बॅटमॅन कोणाचं ऐकत नाही कारण पैसा त्याचा स्वतःचा आहे.

काळी_माती:
बॅटमॅन अब्जाधीश आहे गुरुजी. साप पकडणाऱ्या आमच्या पोराकडं दोन एकर कोरडवाहू आहे, ते बी गहाण.

सरळ_बोलतो (चंद्रपूर):
पगार राहू द्या. गमबूट, पेट्रोल, अन् विमा. एवढं गावानं केलं तरी मी विरोध करणार नाही.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ):
आज आमच्या सर्पमित्र पोरालेच जाऊन इचारलं. तो म्हणाला, भाऊ, पैशाचं ग्रामसभेत नका काढू, लोकायले वाटीन आता पैशे लागते, फोन करणं सोडतील अन् साप मारतील. खूप वेळ बसलो त्याच्याजवळ. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडंच रायते, दोन सालाआधी नाग चावला होता, महिनाभर कामाले गेला नाही, अन् गावातून कोणी दाण्याची पायली बी नेऊन दिली नव्हती. मी बी नाही. म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय मांडणारच, तो नाही म्हणत असला तरी. विमा अन् बुडलेली रोजी, ग्रामपंचायतीच्या पैशातून, घरवाल्याकडून एक रुपया नाही. कोणाच्या गावानं असा ठराव घेतला असेल तं त्याचा फोटो इथं टाका, मले लिहिताना कामी येईन.