अनुभव धागा: तंदुरुस्तीचं पहिलं ध्येय कसं ठरवलंत?

मी शारीरिक शिक्षण शिकवते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांना कागदावर तंदुरुस्तीचं एक ध्येय लिहायला सांगते. निम्म्याहून जास्त कागदांवर वजनाचा आकडा येतो आणि उरलेल्यांवर 'फिट व्हायचंय'. पण दम किती टिकतो, ताकद किती आहे, तीच हालचाल स्नायू कितीदा करू शकतात, सांधे किती मोकळे आहेत, हे सगळं तंदुरुस्तीतच येतं. शरीरातलं चरबी आणि स्नायूंचं प्रमाण हा त्यातला फक्त एक भाग.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी आहे: 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम त्यात असावेत. अठराच्या पुढे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे वाचून बरीच मुलं घाबरतात, कारण आपण आज कुठे उभे आहोत हे त्यांनी कधी मोजलेलंच नसतं. म्हणून विचारते: तुमची पहिली नोंद काय होती, ध्येय काय ठरवलंत, आणि ते कुठे बदलावं लागलं? फसलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी

आम्हाला 12 मिनिटांची धावण्याची चाचणी होती. केनेथ कूपर यांनी 1968 साली मांडलेली ही चाचणी अगदी साधी आहे: 12 मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं. मी साडेतीन फेऱ्यांत संपलो, म्हणजे 1,400 मीटर. त्याच रात्री वहीत लिहिलं, 'महिन्यात 2,400.' दुसऱ्या दिवशी जीव तोडून पळालो, तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, चौथ्या दिवशी गेलोच नाही.

दोन आठवड्यांनी वहीत तो आकडा खोडला आणि लिहिलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, 20 मिनिटं; एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. पळताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी करायचा. हळू पळायची सुरुवातीला लाज वाटायची, बाजूने सगळे पुढे जायचे. पाचव्या आठवड्यात पळणं आणि चालणं दोन-दोन मिनिटांवर आलं. दहाव्या आठवड्यात पुन्हा चाचणी दिली, पावणेपाच फेऱ्या. 2,400 अजून लांब आहे. पण ते तीन वार माझ्या हातात होते, फेऱ्यांचा आकडा नव्हता. एवढं कळायला मला पहिले दोन आठवडे वाया घालवावे लागले.

वसतिगृहात राहणारी

माझं ध्येय वजनच होतं. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि दिवस कसा जाणार ते तो आकडा ठरवायचा. वाढला की एक जेवण बंद. वर्गात लक्ष लागेना, हात गार पडायला लागले, केस हातात यायला लागले. तीन महिने पाळी आली नाही तरी मी कोणाला बोलले नाही, उलट वजन उतरतंय याचा आनंदच होता. शेवटी मावशीच्या लक्षात आलं आणि ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की शरीर जेवढं खर्च करतंय तेवढं त्याला मिळत नाहीये, म्हणून ते एकेक काम बंद करतंय. हाडं भरायचं हेच वय असतं, ही संधी नंतर तशी मिळत नाही, असंही म्हणाले. मी तिथेच रडले.

वजनकाटा मावशीने माळ्यावर टाकला. बरं व्हायला वेळ लागला, पोषणतज्ज्ञांची आणि समुपदेशकांची मदत लागली. त्यांनी परवानगी दिल्यावर नवीन ध्येय लिहिलं: तिन्ही वेळा जेवायचं, आठ तास झोपायचं, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. मुलींनो, पाळी थांबली तर ती मेहनतीची खूण समजू नका. लगेच कोणाला तरी सांगा.

दहावीतला

मला एकही दंड (पुशअप) येत नव्हता. मोठ्या भावाने आधी भिंतीला हात टेकवून करायला लावले. मग भक्कम टेबलाच्या कडेवर, मग पायरीवर, शेवटी जमिनीवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती आणि दंड खूप दुखायचे, मला वाटलं काहीतरी बिघडलं. पण नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग धरतं आणि आपोआप सुटतं. आता सलग नऊ येतात.

नडगीवाली

वरच्या दादाचं वाचून माझं लिहावंसं वाटलं. अंग धरणं वेगळं आणि दुखापत वेगळी. मी मैत्रिणीची बरोबरी करायला एका आठवड्यात अंतर दुप्पट केलं. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं तरी पळत राहिले. नंतर एका जागी बोट ठेवलं तरी कळ यायची आणि रात्री झोपेतही ठणकायचं. तपासल्यावर कळलं की हाडावर ताण आलाय, कित्येक आठवडे पळणं बंद. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं हाड दुखत असेल तर थांबा आणि दाखवून घ्या.

दम्याचा विद्यार्थी

शाळेत खेळाच्या तासाला मी कायम बाकावर बसलेला. 'याला दमा आहे' म्हणून सगळे काळजीनेच वागायचे, पण त्यात माझी चार वर्षं गेली. नवीन डॉक्टरांनी आधी रोजचं औषध नीट बसवलं, मग व्यायामाआधी इनहेलर कधी घ्यायचा ते लिहून दिलं. अंग सावकाश तापवायचं आणि इनहेलर खिशातच ठेवायचा. माझं पहिलं ध्येय होतं, न थांबता 15 मिनिटं भरभर चालणं. ते झालं त्या दिवशी घरी फोन केला.

परीक्षेच्या तयारीत असलेली

'रोज 10,000 पावलं' मनावर घेतलं होतं. नंतर वाचलं की तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अभ्यासाच्या दिवसांत माझी जेमतेम 3,800 व्हायची. मी 5,000 धरली आणि ती झाली. आणखी एक: लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आधी एक दिवस चुकला की मी सगळंच सोडायचे.

धागा सुरू करणारी

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. नडगीवाली, पुन्हा पळायला लागशील तेव्हा सुरुवात चालण्यापासून कर आणि दुखलं की मागे ये. वसतिगृहातल्या मुली, तुझा अनुभव नाव न घेता वर्गात वाचून दाखवू का? तुझी परवानगी असेल तरच.

यंदाचा कागद मी बदलतेय. वजनाची जागा काढून टाकली आहे. आता दोनच ओळी आहेत: 'आज मला काय जमतं' आणि 'या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता'. काल एका मुलाने पहिल्या ओळीत लिहिलं, 'दोन जिने न थांबता.' दुसऱ्या ओळीत, 'मंगळ, गुरू, शनि, शेवटचा तास सुटल्यावर, बूट दप्तरातच.'