'व्हील डॉग'ला मराठीत काय म्हणाल?

शाईचाडाग: मुलांच्या मासिकासाठी अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीवर लेख अनुवादतेय. अँकरेज ते नोम, साधारण १६०० किमी, बर्फातून, कुत्र्यांच्या गाडीने. सगळ्यात पुढे लीड डॉग, मागे स्विंग, मग टीम, आणि गाडीला अगदी लागून व्हील डॉग. स्लेजला चाकंच नाहीत तरी संपादक म्हणतात 'चाककुत्रे' लिहा. काय करू?

रांगडा_सातारी: चाककुत्रे 😂 पंक्चर काढतात का? हे नाव घोडागाडीतून आलंय, पुढच्या चाकांजवळची जी जोडी तिला व्हीलर म्हणायचे. स्लेजलापण तीच जोडी दणकट लागते, वळणावर गाडी झाडावर जाऊ नये म्हणून ओढून बाहेर काढणारी हीच. आमच्यात जड नांगराला तीन-चार जोड्या जुंपायचे तेव्हा नांगराजवळची ती धुरेची जोडी. 'धुरेचे कुत्रे' लिहा बिनधास्त.

वऱ्हाडी_ठेचा: ओ भाऊ, आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध! धुऱ्यावरचं कुत्रं म्हणजे राखणीचं.

रांगडा_सातारी: मग तुमच्याच शंकरपटात गाडी हाकणाऱ्याला धुरकरी का म्हणता?

वऱ्हाडी_ठेचा: ते हाय खरं. मग स्लेज हाकतो त्या मशरलाच धुरकरी म्हणा ना.

शुद्धमती: त्यापेक्षा 'हिमसारथी' किती सुंदर. आणि मशर हा शब्द आपल्या मशागतीशीच नातं सांगतो असं मला कायम वाटत आलंय.

टवाळ_टिंबटिंब: मशागत अरबी मशक्कतवरून आली, आणि 'मश' बहुतेक फ्रेंच 'मार्श' वरून, म्हणजे 'चला'. गंमत म्हणजे आता मश कुणी ओरडतच नाही, 'हाइक' म्हणतात. आणि सारथी कसला, लगाम नाही कासरा नाही, नुसता आवाज. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, लीड डॉगने ऐकलं नाही तर बसा बोंबलत. चढ आला की हाच बाबा खाली उतरून गाडी ढकलत पळतो.

शुद्धमती: बाबाच कशाला? १९८५ ला लिबी रिडल्स जिंकली, मग सुझन बुचर चारदा. आणि 'कुत्रे' काय, 'कुत्री' लिहा, नपुंसकलिंगी अनेकवचन.

वऱ्हाडी_ठेचा: मंग 'कुत्री पुढे धावली' म्हणजे एक मादी का सगळा कळप?

शाईचाडाग: अहो, व्हील डॉगचं काय ठरलं?? शिवाय सगळ्यात शेवटी पोचणाऱ्याला रेड लँटर्न देतात, तिथे 'लाल दिवा' चालेल?

टवाळ_टिंबटिंब: नको, शेवटून पहिला आलेला मंत्री झाला असं वाटेल पोरांना. कंदील लिहा.

शुद्धमती: कंदीलही अरबीच बरं का.