मदत हवी आहे: ट्रेक, पोहणं आणि वजनं, तिन्हीसाठी कोणतं स्मार्टवॉच?

मंडळी, जरा सल्ला हवाय. दर रविवारी सिंहगड चढते, आठवड्यात दोनदा पोहायला जाते आणि बाकी दिवस जिम. जाहिरातीत बघावं तर १०० च्या वर स्पोर्ट्स मोड, पण त्यातले बरेचसे नुसतं पल्स, वेळ आणि कॅलरीच दाखवतात, नाव योगा काय न झुंबा काय, आत सगळं सारखंच. मला मोड चारच चालतील पण खरे हवेत.

ट्रेकला घड्याळातच जीपीएस पाहिजे, फोनवर अवलंबून नको, आणि चढाई नीट मोजायला बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर). पोहताना लॅप आणि स्ट्रोक आपोआप मोजले जावेत, नुसतं ५ एटीएम (म्हणजे पाण्याचा किती दाब झेपतो ते) लिहिलंय म्हणून पोहण्याचा मोड असतोच असं नाही ना. वजनं उचलताना मनगटावरचा पल्सचा सेन्सर गडबडतो हे माहितीये, त्यामुळे पल्स मोजणारा छातीचा पट्टा ब्लूटूथने जोडता आला तर फारच छान.

गार्मिन फोररनर ५५ बघितलं पण त्यात बॅरोमीटर नाही, १६५ मध्ये आहे पण बजेटच्या बाहेर जातंय. अमेझफिट कंपनीचं घड्याळ कोणी गडावर आणि पूलमध्ये दोन्हीकडे वापरलंय का? चढाईचे आकडे पटण्यासारखे येतात का, लॅप चुकतात का, प्लीज सविस्तर सांगा.