झेंडा केवढा लावायचा, हे ठरवणार कोण? (स्टेट्सविलचा ८० फुटी झेंडा)

शार्लटवासी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात शार्लटहून आय-७७ हायवेने उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत स्टेट्सविल येतं. गाव दिसायच्या आधी झेंडा दिसतो. १३० फुटांचा खांब, त्यावर ४० बाय ८० फुटांचा अमेरिकन झेंडा, आणि खाली दुकान, वादाच्या वेळी त्याचं नाव गँडर आरव्ही. आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या, फिरत्या घरासारख्या गाड्या तिथे विकतात. मूळ कंपनी कॅम्पिंग वर्ल्ड, तिचे तेव्हाचे प्रमुख मार्कस लेमोनिस.

वाद २०१९ मध्ये पेटला. गावाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिथे २५ बाय ४० पेक्षा मोठा झेंडा चालत नव्हता. लेमोनिसनी तरी हा ८० फुटी लावला. गावाने १५ ऑक्टोबर २०१८ पासून रोजचे ५० डॉलर दंड धरला आणि पुढे कोर्टात गेलं. लेमोनिसनी जाहीर केलं की तुरुंगात जाईन, झेंडा उतरवणार नाही. ऑनलाइन निवेदनावर लाखाच्या वर सह्या झाल्या. माणूस बैरूतचा जन्मलेला, दत्तक येऊन अमेरिकेत वाढलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजनही आलं. नगरपालिकेतल्या लोकांवर मात्र देशद्रोहाचा शिक्का बसला.

माझं मत सरळ आहे. नियम झेंड्याचा नव्हता, मापाचा होता. २५ बाय ४० म्हणजे हजार चौरस फूट. मुंबईत एवढ्यात दोन कुटुंबं राहतात. तेवढ्यात देशप्रेम मावत नाही आणि ३,२०० चौरस फुटांत मावतं, हे काही पटत नाही. दंडाचं म्हणाल तर वर्षाचे १८,२५० डॉलर. एवढ्या पैशात हायवेवर अशी जाहिरात कोणाला मिळते?

बोला.

ताडपत्रीवाला

असहमत. सपशेल.

आमचा मंडप-ताडपत्रीचा धंदा, पुण्यात, वडिलांपासून. दुकानावरच्या पाटीसाठी पालिकेत किती चपला झिजवल्या ते मला विचारा. पाटी दीड फूट जास्त भरली म्हणून नोटीस. समोरच्या चौकात दादांच्या वाढदिवसाचा तीस फुटी फ्लेक्स महिनाभर लटकतोय, त्याला कोणी हात लावत नाही. नियम मापाचा असतो हो, पण टेप फक्त दुकानदाराच्या पाटीला लागतो.

२५ बाय ४० हा आकडा आला कुठून? २६ का नाही? ३० का नाही? कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला आकडा. त्याच्या जागेत, त्याच्या पैशाने, स्वतःच्या देशाचा झेंडा लावलाय. कोणाचं काय बिघडलं?

आणि धंदा करणाऱ्याने काहीही केलं की ती जाहिरातच, हे कुठलं लॉजिक? नोकरदाराने बाल्कनीत झेंडा लावला तर देशप्रेम, आम्ही लावला तर मार्केटिंग!

शार्लटवासी

@ताडपत्रीवाला, २६ का नाही हा प्रश्न कुठल्याही मर्यादेला विचारता येतो. मतदान १८ व्या वर्षी का, साडेसतराला का नाही? कुठेतरी रेघ मारावीच लागते. तो आकडा चुकीचा वाटत असेल तर सभेत जाऊन बदलून घ्या. आधी लावायचं आणि मग 'आता हात लावून दाखवा' म्हणायचं, ह्याला माझा विरोध आहे.

फ्लेक्सबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

रायगढ_रिटर्न

सगळे अमेरिकेत फिरताय, घरचं उदाहरण विसरलात. नवीन जिंदाल. उद्योगपतीच. छत्तीसगडमधल्या रायगढच्या कारखान्यावर तिरंगा लावला, अधिकाऱ्यांनी ध्वजसंहिता दाखवून हरकत घेतली. त्या वेळी सामान्य नागरिकाला ठरावीक दिवस सोडून झेंडा लावायची मुभाच नव्हती. हा गडी कोर्टात गेला. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकला, सरकार वर अपिलात गेलं, आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने तिरंगा फडकवणं हा कलम १९(१)(अ) खालचा हक्क आहे. मधल्या काळात २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता येऊन बंदी सैल झालीच होती.

आज आपण कोणाला न विचारता गच्चीवर झेंडा लावतो, त्यामागे 'आधी लावला, मग भांडला' असा एक धंदेवाईक माणूसच आहे. सभेत अर्ज देऊन बसला असता तर अजून बसलाच असता.

ताडपत्रीवाला

+१००. ह्याला म्हणतात प्रतिसाद.

वकीलबाई_ठाणे

रायगढ_रिटर्न, निकाल बरोबर सांगितलात, पण अर्धा. त्याच निकालात हा हक्क निरंकुश नाही, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असंही स्पष्ट आहे. १९५० चा बोधचिन्हांचा कायदा आणि १९७१ चा राष्ट्रसन्मानाचा कायदा तसेच लागू राहिले. जिंदालांची लढाई 'लावू द्या' अशी होती, स्टेट्सविलची 'सव्वातीनपट लावू द्या' अशी. हे दोन वेगळे दावे आहेत.

अमेरिकेची गंमत त्याहून पुढची. तिथे पालिकेला फलकाचा आकार, उंची, जागा ठरवता येते, पण त्यावर काय आहे ते बघून भेद करायला गेलं की घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दुरुस्तीमुळे कोर्ट कान पिळतं. २०१५ च्या रीड विरुद्ध गिल्बर्ट खटल्यात अ‍ॅरिझोनातल्या एका गावाचे नियम ह्याच कारणाने उडाले. म्हणून 'राष्ट्रध्वजाला माप नको, बाकीच्यांना हवं' हा सोपा वाटणारा तोडगा तिथे कोर्टात टिकणं कठीण. राष्ट्रध्वजासाठी माप वाढवलंत की शेजारी दुसरा कोणी तेवढाच दुसरा झेंडा घेऊन उभा राहणार.

आणि हे कल्पनेतलं नाही. फ्लोरिडात टँपाजवळ, आय-४ आणि आय-७५ मिळतात तिथे, २००८ मध्ये १३९ फुटी खांबावर ३० बाय ६० फुटांचा कॉन्फेडरेट झेंडा उभा राहिला होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा. खाजगी जागा, जागामालकांचा पैसा, नियमात बसवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या कृष्णवर्णीयांना तो २०२० पर्यंत रोज बघावा लागला. 'त्याची जागा, त्याचा पैसा' हे तत्त्व लावायचं तर दोन्हीकडे लावा.

जाता जाता: अमेरिकेच्या ध्वजसंहितेत झेंडा कुठल्याही प्रकारे जाहिरातीसाठी वापरू नये असं लिहिलंय. त्याला शिक्षा नाही, म्हणून ते कोणी मनावर घेत नाही.

बोका_बोरिवली

आम्ही आपले पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

पामबीच_पर्यटक

ह्या प्रकाराचे आद्य गुरू राहिलेच की! डोनाल्ड ट्रम्प, ऑक्टोबर २००६, फ्लोरिडात पाम बीच गावातला त्यांचा क्लब मार-ए-लागो. गावाची मर्यादा ४२ फूट, ह्यांचा खांब ८० फूट. दंड रोजचा १,२५० डॉलर. ह्यांनी उलट गावावरच अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. दाव्यातलं म्हणणं असं की छोटा झेंडा एवढ्या मोठ्या वास्तूपुढे बावळट दिसेल आणि मालकाचं देशप्रेम किती मोठं आहे ते त्यातून नीट व्यक्त होणार नाही. कोर्टात! लेखी!

शेवट काय झाला ते वाचण्यासारखं आहे. मध्यस्थी झाली, खांब दहा फूट कमी करून हिरवळीवर दुसरीकडे हलवला, गावाने दंड माफ केला, ट्रम्पनी माजी सैनिकांच्या संस्थांना एक लाख डॉलर द्यायचे ठरले. आणि त्याच तडजोडीत, गावाबाहेरच्या लोकांनाही क्लबचं सभासद होता येईल असा नियमात बदल! झेंड्यावरून सुरू झालेल्या भांडणात क्लबचं गिऱ्हाईक वाढलं. कोण म्हणतं हा माणूस सौदा करत नाही?

ताडपत्रीवाला

पामबीच, ह्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ४२ फूट म्हणे अगदी पवित्र मर्यादा होती, मग ७० फुटांना कशी काय चालली? सैनिकांना पैसे दिल्यावर हवा कमी वाहते का तिथे? मोठ्याला तडजोड, छोट्याला नोटीस.

पामबीच_पर्यटक

मग नियम सगळ्यांना सारखा लावा म्हणा. नियमच नको का म्हणता?

घाटकोपर_पूर्व

कोणाचं काय बिघडलं, असं वर विचारलंय. १३ मे २०२४. पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०, ते होतं १२० बाय १२०. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून पालिकेच्या परवान्याची गरज नाही असं सांगितलं जात होतं. तोपर्यंत कोणाचं काहीच बिघडलं नव्हतं.

ताडपत्रीवाला

घाटकोपरशी तुलना नको. होर्डिंग म्हणजे आडवी भिंत, वारा थेट अंगावर घेते. झेंडा फडफडतो, वाऱ्याला वाट देतो. पण प्रामाणिकपणे सांगतो, कापड हा माझा विषय आहे. मोठा झेंडा खांबाकडून कधी फाटत नाही, तिकडे निवाडपट्टी असते. फाटतो तो मोकळ्या टोकाकडून. वाऱ्यात ते टोक चाबकासारखं वाजतं, आधी शिवण उसवते, मग कोपरा चिंध्या होऊन लोंबतो. चार-चार शिलाया मारून, कोपऱ्याला दुहेरी कापड घालूनही मोठं माप महिनोन् महिने टिकत नाही. अटारीला २०१७ मध्ये ३६० फुटांवर लावलेला तिरंगा लगेच काही आठवड्यांत फाटायला लागला होता. आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांना ३०३ फुटी खांबाचा भारी अभिमान आहे, त्यांना मी दरवेळी विचारतो, कापड कितव्यांदा बदललं?

तेव्हा माझं म्हणणं असं: फुटाचा नियम ठेवूच नका. त्याऐवजी अट घाला, फाटका झेंडा एका दिवसात उतरवायचा, खांबाच्या पायाचा इंजिनिअरचा दाखला दरवर्षी द्यायचा, आणि खांब पडला तर रस्त्यावर पडणार नाही एवढं अंतर सोडायचं. ह्यात बसेल त्याने हवा तेवढा लावावा.

वकीलबाई_ठाणे

ह्यातली अंतराची अट मला आवडली. विस्कॉन्सिनमध्ये शेबॉयगनला अ‍ॅक्युइटी ह्या विमा कंपनीचा खांब ४०० फुटांचा आहे, २०१४ पासून. आधीचे त्यांचे खांब थंडी-वाऱ्यात टिकले नाहीत, तरी हा उभा राहिला तो आवारातच, भरपूर जागा सोडून. तिथे ना कोर्ट, ना सह्यांची मोहीम.

पण ताडपत्रीवाले, वर्षाला इंजिनिअरचा दाखला म्हणजे वर्षाला पालिकेची खेप. चपला झिजल्या म्हणून तुम्हीच रडत होतात ना?

ताडपत्रीवाला

ऑनलाइन ठेवा की, बाई!

शार्लटवासी

अट मान्य, पण फुटाची मर्यादाही राहू द्या. पडण्याची भीती हे एकच कारण नाही. स्टेट्सविलमध्ये उद्या हायवेच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक गाडीविक्रेत्याने ३,२०० चौरस फुटांचा झेंडा लावला तर त्यांना नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

रायगढ_रिटर्न

नाही म्हणायचंच कशाला?