बॉइझी नदीवर तरंगण्यासाठी हवेच्या सोफ्यात कोणते बदल करावेत?

प्रश्न : बॉइझीनिवासी

सर्वांना नमस्कार. आम्ही आयडाहो राज्यातील बॉइझी शहरात राहतो. येथे उन्हाळ्यात बार्बर पार्कपासून अ‍ॅन मॉरिसन पार्कपर्यंतच्या सुमारे सहा मैलांच्या टप्प्यात लोक ट्यूब व लहान राफ्ट घेऊन नदीच्या प्रवाहाबरोबर तरंगत जातात. आमच्याकडे दोन माणसे बसतील असा हवा भरण्याचा सोफा आहे. त्याचा वरचा भाग मखमली आणि तळ गुळगुळीत पीव्हीसीचा आहे. तो नदीवर न्यावा, त्याच्या हातांना भोके पाडून धातूच्या रिंगा बसवाव्यात, त्यांना दोरीने मित्रांच्या ट्यूब बांधाव्यात, तळाला प्लायवूड लावावे आणि वर छत्री उभी करावी, असे मनात आहे. माझा अकरा वर्षांचा भाचाही सोबत असेल. या बदलांपैकी कोणते योग्य ठरतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : खोळवाला

कल्पना चांगली आहे आणि ती नीट पार पाडता येते. मात्र जे काही जोडायचे ते सोफ्याच्या कातड्याबाहेर जोडावे. सोफ्याला एकही भोक पाडू नये. घरगुती सोफ्याचे पीव्हीसी राफ्टच्या कापडापेक्षा पुष्कळ पातळ असते आणि त्यात विणलेल्या कापडाचा थर सहसा नसतो, त्यामुळे रिंगेवर ताण आला की फाट थेट पुढे सरकत जाते. डी-रिंगचे (इंग्रजी D आकाराच्या धातूच्या कडीचे) तयार ठिगळ चिकटवायचे म्हटले, तर व्हिनाइलचा गोंद मखमलीच्या लवेवर धरत नाही. गुळगुळीत तळावर तो धरतो, पण दोरीला हिसका बसला की ठिगळाची कड आधी उचलली जाते आणि तिच्यासोबत पातळ पीव्हीसीही ओरबाडून निघते.

यावर माझा उपाय म्हणजे जाड ताडपत्रीची खोळ. सोफा पूर्ण फुगवून मापे घ्यावीत आणि तळ व चारही बाजू झाकतील अशी, वरून पट्ट्यांनी आवळता येणारी खोळ शिवून घ्यावी. धरायच्या मुठी, पाण्याच्या बाटलीचा कप्पा आणि आपल्याला हव्या असलेल्या रिंगा, हे सगळे या खोळीवर बसवावे. तळाच्या कोपऱ्यांत चार-सहा आयलेट (धातूची किनार असलेली भोके) ठोकल्यास आत शिरलेले पाणी निथळून जाते. प्लायवूडऐवजी सोफा आणि ताडपत्री यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या फोमची चटई घालावी. फळीची कड पीव्हीसीला घासत राहते, आणि सोफा उलटला तर तीच फळी डोक्यावर येते.

दुसरा मुद्दा तरंगण्याच्या क्षमतेचा आहे. पाण्याखाली दबलेली दर एक लिटर हवा साधारण एक किलो वजन पेलते. म्हणजे दोन प्रौढ आणि एक मूल मिळून १७० किलो धरले, तर तेवढे लिटर पाण्याखाली जाणारच आणि बैठक अपेक्षेपेक्षा बरीच खोल बसेल. दोन जणांच्या सोफ्यावर तिघांनी बसू नये. भाच्याला वेगळी ट्यूब द्यावी. शिवाय अनेक सोफ्यांची बैठक हा हवेचा एकच कप्पा असतो आणि तो फुटला की काहीच उरत नाही. म्हणून खोळीच्या आत सोफ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरी ट्यूब बसवावी. त्यामुळे राखीव हवाही मिळते आणि रुंदी वाढून डुगडुगणे कमी होते. ट्यूबच्या व्हॉल्व्हचा धातूचा दांडा बाहेरच्या बाजूला ठेवून त्यावर जाड कापड गुंडाळावे, अन्यथा तोच सोफ्याला भोक पाडेल.

हवा भरताना तापमानाचा विचार करावा. काठावरची हवा ३५ अंश सेल्सिअस आणि पाणी १५ अंशांच्या आसपास असेल, तर पाण्याला टेकलेल्या भागातील हवा आकसते. पूर्ण २० अंशांचा फरक पडला, तर आतला एकूण दाब सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरू शकतो. सोफ्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा मुळातच थोडासा जास्त असल्याने एवढ्यानेही बैठक लिबलिबीत होते. सोफा पाच-दहा मिनिटे पाण्यात ठेवून मगच उरलेली हवा भरावी. उलट, पाण्यातून काढून उन्हात ठेवताना थोडी हवा सोडून द्यावी, कारण तापलेल्या सोफ्याचा जोड सहसा हात आणि पाठ मिळतात तिथेच उसवतो.

उत्तर : नदीमित्र

खोळवाला यांनी सोफ्याबद्दल नेमके सांगितले आहे. मी नदीबद्दल लिहितो. ट्यूब एकमेकींना बांधू नयेत, ही सूचना येथील प्रशासनही देते आणि तिच्यामागे ठोस कारण आहे. पुलाच्या खांबाच्या एका बाजूने आपण आणि दुसऱ्या बाजूने मित्र गेले, की मधली दोरी खांबाला अडकते आणि प्रवाह दोघांनाही तिथेच दाबून धरतो. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये हेच घडले, तर सुटका आणखी अवघड होते. एकत्र राहायचे असेल, तर हाताने एकमेकांच्या ट्यूबची किंवा खोळीची मूठ धरावी, म्हणजे हवे तेव्हा सोडता येते. खोळीवरही लोंबकळणारी दोरी ठेवू नये.

छत्रीचा विचार माझ्या मते सोडून द्यावा. काठच्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात, आणि सोफ्याची पाठच वारा धरते, त्यात छत्रीची भर नको. रुंद काठाची टोपी पुरेशी आहे. या टप्प्यात पाणी एकदम खाली उतरते असे तीन बांध लागतात. तेथे सोफा प्रवाहाला आडवा राहिला तर उलटतो, म्हणून एक आखूड वल्हे सोबत ठेवून सोफ्याची अरुंद बाजू पुढे करावी, किंवा सरळ काठाला लागून पायी पुढे जावे.

चौदा वर्षांखालील मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचे आहे, त्यामुळे भाच्यासाठी ते आवश्यकच आहे. आपणही घालावे, कारण सोफा हे जीवरक्षक साधन नाही. नदीवर मद्य आणि काचेच्या वस्तू नेण्यास बंदी आहे. विसर्ग साधारण १,५०० क्युसेकच्या खाली आल्यावरच तरंगण्याचा हंगाम सुरू होतो, तोपर्यंत थांबावे. वर लकी पीक धरण असल्यामुळे उन्हाळ्यातही पाणी थंड असते, हे मुलांना नेताना लक्षात ठेवावे.

प्रतिसाद : बॉइझीनिवासी

दोघांचेही मनापासून आभार. छत्री, प्लायवूड आणि दोरी या तिन्ही गोष्टी मी रद्द करत आहे. आणखी दोन शंका आहेत. सोफ्याला आयडाहोचे आक्रमक जलप्रजातींविषयीचे (बाहेरून येणाऱ्या घातक जलचर-वनस्पतींना रोखण्यासाठी बोटींना लागणारे) स्टिकर लागते का? आणि मखमली पृष्ठभाग भिजल्यावर त्याचे काय करावे?

उत्तर : खोळवाला

दहा फुटांपेक्षा कमी लांबीच्या, इंजिन नसलेल्या हवेच्या साधनांना त्या स्टिकरमधून सूट आहे, त्यामुळे आपल्या सोफ्याला ते लागणार नाही. मखमल पाणी आणि बारीक वाळू धरून ठेवते आणि घडी घातल्यावर तीच वाळू पीव्हीसीला आतून घासते. घरी आल्यावर खोळ काढून दोन्ही गोष्टी गोड्या पाण्याने धुवाव्यात, सावलीत पूर्ण वाळवाव्यात आणि सोफा घडी न घालता गुंडाळावा. नदीवर जाण्याआधी क्विन्स पाँडच्या संथ पाण्यात खोळीसह एकदा तरंगून पाहावे, तिथे तो मुद्दाम उलटवावा आणि पुन्हा वर चढता येते का, हे सोबत येणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावे. जो चढू शकणार नाही, त्याच्यासाठी खोळीच्या बाजूला पाय टेकवण्यापुरती, पाऊल अडकणार नाही अशी रुंद आणि ताठ पट्टी शिवून घ्यावी.