सोलापुरात ओपन सोर्स गट काढतोय: ओएसआय कशी उभी राहिली? नोंदणी कशी करायची?

जुळे_सोलापूर:
ओपन सोर्सच्या (ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या) प्रसारासाठी आम्ही इथे संस्था काढतोय. संस्थेच्या घटनेचा मसुदा लिहायला घेतलाय. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची (ओएसआय) सुरुवात कशी झाली आणि नेतृत्व कसं बदललं? नोंदणीचंही सांगा.

टर्मिनल_413001:
22 जानेवारी 1998 ला नेटस्केपनं ब्राउझरचा सोर्स कोड खुला करणार असल्याचं जाहीर केलं. 3 फेब्रुवारीला पालो आल्टोत बैठक झाली, तिथे क्रिस्टीन पीटरसन यांचं ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओएसआय काढली. रेमंड अध्यक्ष, पेरेन्स उपाध्यक्ष.

माझ्या मते खरा पाया ‘ओपन सोर्स’ कशाला म्हणायचं या व्याख्येचा. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची 1997 ची मार्गदर्शक तत्त्वं तयार होतीच, पेरेन्स यांनी त्यातले डेबियनचे उल्लेख काढले आणि व्याख्या उभी राहिली. आज तिची दहा कलमं आहेत. सॉफ्टवेअरचा परवाना आला की त्यांवर तपासायचा, मग अध्यक्ष कुणीही असो. म्हणूनच पेरेन्स 1999 मध्ये बाहेर पडले, 2005 मध्ये रेमंड अध्यक्षपदावरून गेले, तरी काम चालू राहिलं. तुम्हीही आधी निकष लिहा, पदं नंतर वाटा.

नाव मात्र वेगळं ठेवा. ‘ओपन सोर्स’चा ट्रेडमार्क ओएसआयला मिळाला नाही, कारण शब्द फारच वर्णनात्मक होता.

सात_रस्ता:
नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशा दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयात होतात. गाडी अडते ती नंतर. कार्यकारिणी बदलली की कलम 22 नुसार 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर दप्तरी जुनेच पदाधिकारी राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि वाद झाला तर दोन्ही गट स्वतःला खरी कार्यकारिणी म्हणवतात. निवडणूक झाली की सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठरावाची प्रत लगेच फाइलला लावा.

कर्नल_पॅनिक:
पदाची मुदतही घटनेत घाला. सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन 1985 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी काढलं आणि 2019 पर्यंत तेच अध्यक्ष होते. त्यांनी राजीनामा दिला, 2021 मध्ये ते संचालक मंडळावर परतले आणि समर्थकांत उभी फूट पडली. सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती, एवढं कलम पुरे. डोमेन आणि गिटचं (कोड ठेवायचं) खातं संस्थेच्या ईमेलवर काढा, अ‍ॅडमिन किमान तिघं ठेवा.